लॅपटॉपचा वेग वाढविताना

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (मराठी)

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या अंतरंगाविषयी लेख लिहावा, हे या अंकाच्या काही वाचकांना विचित्र वाटेल. 'ज्याचे काम त्यालाच साजे' असे कोणी म्हटले, तर मी वाद घालणार नाही. पण आज निबंध, प्रकल्प, सर्वेक्षण आणि चित्रफीत ही आपली सर्व कामे ज्या यंत्रावर चालतात, त्याविषयी आपण अगदीच अनभिज्ञ राहावे, हे बरे नव्हे. या अज्ञानाची किंमत गेल्या वर्षी मी मोजली. तो अनुभव व त्यानंतर केलेला थोडासा अभ्यास प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे.

आमच्या विभागाने जात्यावरच्या ओव्या जमविण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. आम्ही चौघी मैत्रिणी तालुक्यातील सहा गावे फिरलो, म्हाताऱ्या बायकांच्या ओसरीवर बसलो, आणि उसन्या कॅमेऱ्यावर त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या. त्यातून चाळीस मिनिटांची चित्रफीत करावयाची असे ठरले. यंत्र म्हणाल तर माझा लॅपटॉप. आईने बचत गटातून कर्ज काढले आणि दादाने शहरातून तो जुन्या बाजारभावाने आणला. त्यातील प्रोसेसर २०१९ सालचा, इंटेल कंपनीचा आय ७ - ९७५० एच. जोडीला एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड. कागदावर पाहिले तर यंत्र चांगले होते. प्रत्यक्षात चाळीस मिनिटांची चित्रफीत तयार होऊन बाहेर पडावयास पंच्याण्णव मिनिटे लागत. पंखा गिरणीसारखा घरघरे, आणि कळफलकावर बोटे ठेववत नसत.

"ओव्हरक्लॉक कर, म्हणजे पळेल," असे मला एका परिचिताने सुचविले. एका कळीत वेग दुप्पट करणारा एक प्रोग्रॅमही त्याने दाखविला. दिसावयास तो फारच सोपा होता. एक मोठे गोल बटन, त्यावर एक रॉकेट, आणि दुसरे काही नाही. तो कोणी तयार केला, कोठून आला, यांपैकी काहीही न विचारता मी ते बटन दाबले. दोन दिवस पडद्यावर जाहिरातींचा पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी यंत्र सुरू होईनासे झाले.

त्या यंत्रात एका आजींच्या अकरा ओव्या होत्या. आजी माघ महिन्यात वारल्या. त्यांच्या आवाजाची दुसरी प्रत कोठेच नव्हती, कारण कॅमेऱ्याचे कार्ड आम्ही पुसून परत दिले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगावयास नको.

सुदैवाने शहरातील एका दुरुस्तीच्या दुकानातील काकांनी आतील डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि सर्व फायली परत मिळवून दिल्या. त्यानंतर त्यांनी लॅपटॉपची मागची बाजू उघडून मला दाखविली. पंख्याच्या तोंडाशी धुळीची चक्क गादी बसली होती. काका म्हणाले, "ताई, याला पळवायचं नंतर बघा. आधी याला श्वास तर घेऊ द्या."

या एका वाक्याने मी अभ्यासाला लागले.

वेग म्हणजे नेमके काय?

प्रोसेसर आपले काम ठोक्याठोक्याने करतो. घड्याळाच्या लंबकासारखा हा ठोका असतो, म्हणून त्याला 'क्लॉक' म्हणतात. फरक इतकाच, की लंबक सेकंदाला एखादा ठोका देतो आणि प्रोसेसर काही अब्ज. सेकंदाला एक अब्ज ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. हा आकडा गुणाकारातून येतो. माझ्या यंत्रात पायाभूत ठोका १०० मेगाहर्ट्झचा आहे. त्यास २६ या गुणकाने गुणले की २६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २.६ गिगाहर्ट्झ, हा मूळ वेग मिळतो. काम जड असले आणि उष्णता आटोक्यात असली, तर प्रोसेसर स्वतःहूनच हा गुणक ४५ पर्यंत चढवितो. ही आपोआप वेग घेण्याची सोय इंटेलने २००८ पासून आपल्या प्रोसेसरांत आणली.

निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे हा ठोका नेणे, याला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. याचे जुने व गाजलेले उदाहरण १९९८ सालचे आहे. इंटेलचा 'सेलेरॉन ३०० ए' हा स्वस्त प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर साडेचारच्या गुणकाने चाले, म्हणजे जवळजवळ ३०० मेगाहर्ट्झ. हौशी लोकांनी गुणक तसाच ठेवून ठोका १०० केला, आणि तोच प्रोसेसर ४५० वर धावू लागला. कमी पैशात दीडपट वेग! 'एका कळीत दुप्पट' या आजच्या जाहिरातींना भुलणाऱ्या मनात कोठेतरी ही जुनी कथा घर करून असते.

पण ती कथा टेबलावरच्या संगणकाची आहे, हे आपण विसरतो.

लॅपटॉपची खरी अडचण

गिरणीतून दळून आणलेले पीठ हाताला गरम लागते. जात्यावरचे तसे लागत नाही. वेगाबरोबर उष्णता येतेच. प्रोसेसरच्या बाबतीत हा हिशेब अधिक कडक आहे. त्याची वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका दहा टक्के वाढविला आणि तो पेलण्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के वाढवावे लागले, तर वीज १.१ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.३३ पट लागते. दहा टक्के वेगासाठी एक तृतीयांश जादा उष्णता! उलटपक्षी व्होल्टेज नुसते पाच टक्के कमी करता आले, तर त्याच वेगाला उष्णता जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते.

टेबलावरच्या संगणकात ही उष्णता वाहून नेण्यास वीतभर पंखे आणि भरपूर मोकळी जागा असते. लॅपटॉपमध्ये बोटभर जाडीच्या पेटीत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि बॅटरी दाटीने बसलेली असतात. पुष्कळदा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना तांब्याच्या त्याच नळ्या थंड करतात. म्हणजे एकाला तापविले की शेजाऱ्यालाही झळ लागते. शिवाय हे भाग बहुधा पाटीवर डाख देऊन पक्के केलेले असतात. जळले तर तेवढाच भाग बदलता येत नाही, सारी पाटीच बदलावी लागते.

उष्णता मर्यादेला पोहोचली की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी वेग आखडता घेतो. यास 'थ्रॉटलिंग' म्हणतात. माझ्या प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. पंच्याण्णव मिनिटांचे कोडे येथेच उलगडते. माझे यंत्र हळू होते ते त्याची मर्यादा कमी होती म्हणून नव्हे. असलेल्या मर्यादेपर्यंत ते पोहोचतच नव्हते म्हणून.

याचा मोठा दाखला २०१८ सालचा आहे. अ‍ॅपल कंपनीने त्या वर्षी जुलैत मॅकबुक प्रो लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय ९ जातीचा प्रोसेसर दिला. थोड्याच दिवसांत तक्रारी आल्या, की जड कामात त्याचा वेग मूळ आकड्याच्याही खाली घसरतो. उष्णतेचे व्यवस्थापन करणाऱ्या अंतर्गत प्रणालीत एक अंकीय किल्ली राहून गेल्याचे कंपनीने मान्य केले, आणि त्याच महिन्यात सुधारणा पाठविली. गंमत अशी, की तो प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगसाठी खुला असलेल्या वर्गातला होता. तरी त्याचा वेग परत आला तो ठोका वाढवून नव्हे, उष्णतेचा कारभार सुधारून.

कुलूप आणि किल्ली

साधन निवडण्यापूर्वी एक कटू सत्य सांगितले पाहिजे. बहुसंख्य लॅपटॉपच्या प्रोसेसरचा गुणक निर्मात्याने कुलूपबंद केलेला असतो. इंटेलच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरांत ज्यांच्या नावाशेवटी 'एचके' अक्षरे येतात, उदाहरणार्थ २०१९ चा आय ९ - ९९८० एचके, त्यांचा गुणक खुला असतो. २०२२ पासून आलेल्या 'एचएक्स' मालिकेतील बऱ्याच प्रोसेसरांनाही ही मुभा आहे. नुसत्या 'एच' किंवा 'यू' अक्षराचे प्रोसेसर बंद समजावेत. माझा ९७५० एच हा त्यातलाच. जगातले कोणतेही सॉफ्टवेअर त्याचा गुणक ४५ च्या पुढे नेऊ शकत नाही. 'कोणताही लॅपटॉप दुप्पट वेगाने' असे जो प्रोग्रॅम म्हणतो, तो खोटे बोलतो, हे एवढ्यावरूनच ओळखता येते.

दुसरे कुलूप व्होल्टेजचे. व्होल्टेज किंचित उतरवून यंत्र थंड ठेवण्याची युक्ती अनेक वर्षे लोकप्रिय होती. मात्र डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' नावाचा दोष उघडकीस आणला. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज मुद्दाम डळमळीत करून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातील गणित चुकविता येते, असे त्यांनी दाखविले. त्यानंतर इंटेलने सुधारणा काढल्या, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायॉसच्या नव्या आवृत्तीबरोबर ही सोयही बंद झाली. माझ्या यंत्रात ती बंदच आहे. ती उघडण्यासाठी जुनी बायॉस टाकण्याचे सल्ले देणारे भेटतात. ज्या यंत्रावर आपले परीक्षेचे अर्ज आणि बँकेचे व्यवहार चालतात, त्यावर मी तसे करणार नाही.

ग्राफिक्स कार्डाचे दार मात्र पुष्कळ लॅपटॉपमध्ये अर्धे उघडे असते. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०१५ मध्ये आपल्या ड्रायव्हरमधून लॅपटॉपच्या कार्डांचे ओव्हरक्लॉकिंग बंद केले होते. ग्राहकांनी ओरड केल्यावर ते परत द्यावे लागले. आज बहुतेक कार्डांचा ठोका थोडा वाढविता येतो. व्होल्टेज आणि विजेची मर्यादा यांना मात्र बहुधा हात लावता येत नाही.

साधनांची ओळख

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. खालील सर्व साधने विंडोज प्रणालीवरची असून फुकट मिळतात. अ‍ॅपलच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचा ठोका वाढविण्याची सोय नाही, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पहिले साधन लॅपटॉप कंपनीचेच. खेळासाठी बनविलेल्या लॅपटॉपबरोबर असूसचे आर्मरी क्रेट, लेनोवोचे व्हँटेज, एसरचे प्रेडेटरसेन्स यांसारखे प्रोग्रॅम येतात. त्यांत 'शांत', 'समतोल', 'जोरकस' अशा अर्थाच्या तयार पायऱ्या असतात. काही यंत्रांत ग्राफिक्स कार्डाचा ठोका वाढविण्याचीही सोय असते. पंख्याचा वेगही येथूनच बदलता येतो. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा, कारण ज्याने पेटी बनविली त्यालाच तिची उष्णता ठाऊक असते.

दुसरे इंटेलचे 'एक्स्ट्रीम ट्यूनिंग युटिलिटी', थोडक्यात एक्सटीयू. यात सरकपट्ट्या आहेत, खाली उष्णता व वेग यांचा आलेख चालू असतो, आणि यंत्रावर ताण देऊन पाहण्याची चाचणी आतच आहे. बदल फसून यंत्र बंद पडले, तर पुन्हा सुरू होताना तो बदल मागे घेण्याची व्यवस्थाही आहे. मांडणी स्वच्छ आहे. अडचण एवढीच, की प्रत्येक आवृत्ती सर्व प्रोसेसरांना चालत नाही. आपला प्रोसेसर इंटेलने दिलेल्या यादीत आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. शिवाय ज्याचा गुणक बंद, त्याच्या सरकपट्ट्या मुक्याच राहतात.

तिसरे 'थ्रॉटलस्टॉप'. केव्हिन ग्लिन यांनी तयार केलेला हा इंटेलच्या प्रोसेसरांसाठीचा लहानसा प्रोग्रॅम. प्रथमदर्शनी तो भीतिदायक वाटतो. एका चौकटीत पन्नास आकडे आणि तितकीच संक्षिप्त रूपे! पण यात 'लिमिट्स' नावाचे एक बटन आहे. ते दाबले की प्रोसेसर वेग का आखडत आहे, त्याचे कारण रंगाने दिसते: उष्णता, की विजेची मर्यादा, की आणखी काही. मला माझ्या दुखण्याचे निदान येथे मिळाले.

चौथे एएमडीचे 'रायझेन मास्टर'. २०१७ पासून हे साधन आहे, आणि दिसावयास सुबक आहे. पण ते प्रामुख्याने टेबलावरच्या संगणकांसाठी आहे. बहुतेक लॅपटॉपना ते चालत नाही. एएमडीचा प्रोसेसर असलेल्या मित्रांनी लॅपटॉप कंपनीच्या साधनावरच भिस्त ठेवावी, हे बरे.

पाचवे 'एमएसआय आफ्टरबर्नर'. हे केवळ ग्राफिक्स कार्डासाठी आहे. नावात एमएसआय असले तरी इतर कंपन्यांच्या लॅपटॉपवरही चालते. एक पट्टी कार्डाच्या ठोक्याची, एक त्याच्या स्मृतीची, शेजारी उष्णतेचा आकडा, आणि खाली सर्व पूर्ववत् करणारे बटन. याच्या लोकप्रियतेचा गैरफायदाही घेतला गेला. याच नावाने हानिकारक प्रोग्रॅम वाटणारी बनावट जागा इंटरनेटवर उभी राहिल्याचा इशारा २०२१ मध्ये खुद्द एमएसआयला द्यावा लागला.

याखेरीज 'एचडब्ल्यूइन्फो' हे केवळ पाहण्याचे साधन. ते काही बदलत नाही. यंत्रातील प्रत्येक भागाची उष्णता, वेग आणि वीज दाखविते. माझ्या मते सर्वांनी सर्वप्रथम हेच घ्यावे.

'सोपे' कशाला म्हणावे?

या सर्व धडपडीतून मला एक गोष्ट उमगली. सोपे साधन म्हणजे कमी बटनांचे साधन नव्हे. मला फसविणाऱ्या प्रोग्रॅमला एकच बटन होते. त्याहून सोपे काय असणार? आणि थ्रॉटलस्टॉपला पन्नास आकडे आहेत, पण त्याने मला खरे सांगितले. आपण काय केले हे ज्यात दिसते, आणि केलेले मागे घेता येते, ते साधन सोपे. या कसोटीवर मी पाच प्रश्न तयार केले. कोणतेही साधन घेण्यापूर्वी ते विचारावेत.

१. माझे यंत्र याला परवानगी देते का? प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसह, आधी पाहावे.

२. बदल करतानाच उष्णता आणि वेग डोळ्यांसमोर दिसतात का? आंधळेपणाने पट्टी सरकविणे म्हणजे दिवा विझवून फोडणी देणे होय.

३. सर्व पूर्ववत् करण्याचे बटन आहे का? आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदल आपोआप जातो, की मानगुटीवर बसून राहतो?

४. हे कोणी बनविले आहे, आणि मी ते त्याच्याच जागेवरून घेत आहे का? ही साधने यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोहोचतात. ज्याला घराची किल्ली द्यावयाची, त्याचे नाव-गाव ठाऊक असावे.

५. त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ मला सांगता येतो का? जो सांगता येत नाही, त्या पट्टीला हात लावू नये.

माझ्या यंत्रावरचा प्रयोग

आता प्रत्यक्ष काय केले, ते क्रमाने सांगते. प्रथम सर्व ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती काढल्या. एक बाहेरच्या डिस्कवर, दुसरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावर. हे झाल्याशिवाय पुढे जावयाचे नाही, असा मी स्वतःशी नियमच केला.

मग काहीही न बदलता तीच चित्रफीत पुन्हा तयार करावयास लावली आणि एचडब्ल्यूइन्फोचे आकडे वहीत टिपले. दहाव्या मिनिटानंतर उष्णता ९७ अंश आणि वेग २ गिगाहर्ट्झच्या आसपास. थ्रॉटलस्टॉपमध्ये उष्णतेचे लाल चिन्ह लागलेले. वेळ पंच्याण्णव मिनिटे.

त्यानंतर दुकानातील काकांकडून पंखे साफ करून घेतले आणि प्रोसेसरवरचा वाळलेला लेप काढून नवा लावून घेतला. खर्च सहाशे रुपये. घरी आल्यावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूस दोन लाकडी ठोकळे दिले, म्हणजे खालून हवा खेळेल. गादीवर आणि मांडीवर ठेवून जड काम करण्याची सवय सोडली. पुन्हा तोच प्रयोग केला. उष्णता ८६ अंश, वेग ३ गिगाहर्ट्झ, वेळ सहासष्ट मिनिटे! ओव्हरक्लॉकिंगचा एक ठोकाही वाढविलेला नव्हता.

यानंतरच आफ्टरबर्नर उघडले. ग्राफिक्स कार्डाचा ठोका २५ मेगाहर्ट्झच्या पायरीने चढवीत गेले. प्रत्येक पायरीवर वीस मिनिटे जड काम देऊन पाहिले आणि वहीत नोंद केली. १५० पर्यंत ठीक चालले. १७५ ला पडदा गोठला आणि यंत्र पुन्हा सुरू करावे लागले. यंत्र सुरू होताच बदल लागू करण्याची खूण मी मुद्दाम केलेली नव्हती, म्हणून ते सुरू झाले ते मूळ वेगानेच. सोपेपणाची ही तिसरी कसोटी मला त्या क्षणी पटली. शेवटी १०० वर थांबले. कडेलोटाच्या टोकावर घर बांधावयाचे नसते. चार पावले मागे राहावे.

या १०० मेगाहर्ट्झनी काय दिले? सहासष्टची त्रेसष्ट मिनिटे झाली. रंगसंगतीचे काम करताना चित्र थोडे कमी अडखळू लागले. आणि प्रोसेसरची उष्णता तीन अंशांनी वाढली, कारण नळ्या सामाईक. तीन मिनिटांसाठी तीन अंश. उन्हाळ्यात हा सौदा मला परवडत नाही, म्हणून मार्च ते जून मी कार्ड मूळ वेगावरच ठेवते.

हा हिशेब वाचून कोणाची निराशा होईल. पण माझ्या मते यातच लेखाचे सार आहे. एकोणतीस मिनिटे सफाईने वाचविली, तीन मिनिटे ओव्हरक्लॉकिंगने. ज्यांच्याकडे 'एचके' किंवा 'एचएक्स' जातीचा प्रोसेसर आणि दणकट पंख्यांचा लॅपटॉप आहे, त्यांना एक्सटीयूतून याहून अधिक मिळू शकेल. त्यांनीही हाच क्रम पाळावा: प्रत काढणे, पाहणे, साफ करणे आणि मग पायरीपायरीने चढणे. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर हमीपत्रातील ओव्हरक्लॉकिंगविषयीची अट आधी वाचावी. या कारणाने झालेले नुकसान बहुधा हमीत धरत नाहीत. आणि जो लॅपटॉप साधाच आहे, ज्यात वेगळे ग्राफिक्स कार्डही नाही, त्याच्या मालकाने ओव्हरक्लॉकिंगचा नाद सोडून तोच पैसा अधिक स्मृती किंवा एसएसडी डिस्क बसविण्यावर खर्चावा. आपल्यापैकी बहुतेक जण याच वर्गात मोडतात.

समारोप

आपण भाषेचे विद्यार्थी शब्दांविषयी चोखंदळ असतो. एखादा पाठ स्वीकारण्यापूर्वी तो कोणत्या पोथीतला, कोणी उतरविला, मागचा-पुढचा संदर्भ काय, हे विचारण्यास आपले प्राध्यापक आपणास शिकवितात. मी तेच प्रश्न त्या रॉकेटच्या बटनाला विचारले असते, तर पुढचा प्रसंग टळला असता. संगणकासाठी वेगळी बुद्धी लागत नाही. वर्गात वापरतो तीच वापरावी लागते.

असो. चित्रफीत स्नेहसंमेलनात दाखविली गेली. आजींचे नातू ती पाहावयास आले होते. जाताना त्यांनी एक प्रत मागितली, आणि मी ती त्यांच्या पेनड्राइव्हवर उतरवून दिली. म्हणजे आता त्या अकरा ओव्या चार ठिकाणी आहेत. ज्या मित्रमैत्रिणींना आपल्या लॅपटॉपची उष्णता पाहावयाची असेल, त्यांनी मधल्या सुटीत मराठी विभागात यावे. माझी नोंदवही तेथील कपाटात ठेवली आहे. येताना आपल्या फायलींची एक प्रत मात्र आधी काढून ठेवावी.